शाळा अर्धवट सुटलेल्या माणसानं मायक्रोवेव्ह आणला, पण त्यात भात मधेच गार का राहतो?

ज्यानं वऱ्हाडात रोडगे भाजलेत, त्याला उष्णतेचं शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. गोवऱ्यांच्या आरात रोडगा टाकला आणि गप्पा मारत बसलं, की वरून कोळसा आणि आतून कच्चं पीठ. म्हणून कुणीतरी एकजण तिथंच बसून तो सारखा उलटापालटा करत असतो. उष्णता बाहेरून आत जाते आणि तिला वेळ लागतो, एवढा साधा हिशोब आहे.

पण आता अमरावती-अकोल्यातल्या घराघरात ओट्यावर मायक्रोवेव्ह येऊन बसलाय. उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढं गेला की उरलेलं सगळं फ्रीजमध्ये जातं आणि फ्रीजमधून मायक्रोवेव्हमध्ये. दोन मिनिटांनी ताट बाहेर काढावं तर कडेचा भात जीभ पोळवणारा आणि मधला बर्फासारखा. इथं तर जाळ नाही, गोवऱ्या नाहीत. मग हे असं का?

याचं उत्तर पर्सी स्पेन्सर या माणसाच्या गोष्टीत आहे.

पर्सीचा जन्म १८९४ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात, हाउलँड नावाच्या छोट्या गावात झाला. दीड वर्षाचा असताना वडील गेले. आई त्याला काका-काकूंकडं सोडून निघून गेली. सात वर्षांचा झाला तेव्हा काकाही गेले. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगं दोऱ्याची रिळं बनवणाऱ्या गिरणीत कामाला लागलं. सोळाव्या वर्षी त्याच्या कानावर आलं की जवळच्या कागद गिरणीत वीज आणणार आहेत. त्या भागात वीज कुणाला फारशी माहीत नव्हती, पर्सीलाही नव्हती. तरी तो गेला, काम मिळवलं आणि काम करता करताच शिकला.

१९१२ साली टायटॅनिक बुडाली. त्या रात्री वायरलेसवरून संदेश पाठवणाऱ्या ऑपरेटरांची कहाणी ऐकून पर्सीला वायरलेसचं वेड लागलं आणि तो नौदलात भरती झाला. रात्रपाळीच्या पहाऱ्यावर बसून त्यानं गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राची पुस्तकं वाचून काढली.

१९२०च्या दशकात तो रेथिऑन कंपनीत लागला. मग आलं दुसरं महायुद्ध.

१९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन बनवला होता. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की कसा आवाज घुमतो, तसं यात तांब्याच्या ठोकळ्यातल्या पोकळ्यांमध्ये इलेक्ट्रॉन फिरतात आणि जबर ताकदीच्या सूक्ष्मलहरी निघतात. त्याच्या जोरावर विमानात मावेल एवढं छोटं रडार शक्य झालं. ब्रिटननं त्याच वर्षी हे गुपित अमेरिकेला दिलं. अडचण एकच होती. तांब्याचा ठोकळा अगदी बारीक मापात कोरावा लागायचा, त्यामुळं दिवसाला जेमतेम १७ नग व्हायचे. स्पेन्सरनं ठोकळा कोरणंच सोडून दिलं. त्यानं तांब्याचे पातळ पत्रे साच्यातून कापले, एकावर एक रचले आणि भट्टीत झाळून जोडले. युद्ध संपेपर्यंत आकडा दिवसाला २६०० वर गेला. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच. पण सोशल मीडियावर फिरतो तो त्याचा खिशातल्या चॉकलेटचा किस्सा.

तोही सांगून टाकतो. १९४५च्या सुमारास तो चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा होता आणि खिशातली गोड वडी वितळली. कुणी म्हणतं चॉकलेट होतं, त्याचा नातू सांगायचा की शेंगदाण्याची वडी होती, खारुताईला घालायला ठेवलेली. असा अनुभव त्याच्या आधीही काहीजणांना आला होता म्हणतात. फरक एवढाच की स्पेन्सरनं मक्याचे दाणे मागवले. ते फुटले. मग अंडं ठेवलं. ते एका सहकाऱ्याच्या तोंडावर फुटलं.

हे अंडं का फुटलं, यातच आपल्या गार भाताचं कोडं आहे.

मायक्रोवेव्ह पदार्थाला आतून बाहेर शिजवतो, असं अनेकांना वाटतं. ते चूक आहे. लहरी बाहेरूनच येतात, पण थेट पृष्ठभागावर न थांबता एक-दोन सेंटिमीटर आत शिरतात आणि तिथलं पाणी तापवतात. अंड्यात टरफलाच्या आत वाफ कोंडली आणि ते फुटलं. भाताचा ढीग मात्र चार-पाच सेंटिमीटर जाड असतो, म्हणून त्याच्या पोटात लहरी पोचेपर्यंत त्यांचा जोर संपतो. तिथं शेवटी रोडग्याचाच नियम लागू होतो, उष्णता हळूहळू आत सरकते.

दुसरी भानगड डब्याची. घरातल्या मायक्रोवेव्हच्या लहरींची लांबी साधारण १२ सेंटिमीटर असते. त्या धातूच्या भिंतींवर आपटून परत येतात, येणाऱ्या-जाणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि काही जागी जोर दुप्पट होतो, काही जागी शून्य. पटत नसेल तर पापड घ्या. फिरती काच आणि तिच्याखालचं चाक काढून ठेवा, सपाट ताटलीत दोन-तीन पापड मांडा, अर्धा मिनिट चालवा आणि लक्ष ठेवून बसा. पापडावर कुठं पांढरे फुगलेले चट्टे दिसतील, तर कुठं तो कच्चाच राहील. शेजारच्या चट्ट्यांमधलं अंतर बहुतेक ६ सेंटिमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे लहरीच्या लांबीच्या निम्मं.

गंमत म्हणजे यावरचा उपाय स्पेन्सरच्या पहिल्याच पेटंटच्या आसपास घुटमळतोय. ऑक्टोबर १९४५ मध्ये अर्ज केलेलं आणि जानेवारी १९५० मध्ये मंजूर झालेलं ते पेटंट पाहिलं, तर त्यात आजच्यासारखा बंद डबा नाही. पदार्थ सरकत्या पट्ट्यावरून लहरींच्या समोरून जातो. कारखान्यात वाढलेल्या माणसाला हेच सुचणार! पदार्थ हलता असला, की एकच भाग माराखाली राहत नाही.

१९४७ साली रेथिऑननं पहिलं यंत्र विकायला काढलं, रडारेंज नावाचं. उंची जवळपास १.८ मीटर, वजन ३४० किलो, किंमत ५००० डॉलरच्या घरात. थंड ठेवायला पाण्याची पाइपलाइन लागायची. घरात कोण घेणार? ते गेलं हॉटेलांत आणि जहाजांवर. पुढं लहरी विस्कटून टाकायला डब्यात धातूचा पंखा फिरवायची पद्धत आली. १९६६ साली जपानच्या शार्प कंपनीनं ताटच फिरवलं. रोडगा उलटवणाऱ्या माणसाचं काम आता मोटर करू लागली.

तरी एक खोट राहिलीच. फिरत्या काचेचा मध्य जागचा हलत नाही. म्हणून वाटी बरोबर मधोमध ठेवणं ही सगळ्यात वाईट जागा. ती कडेला ठेवा, म्हणजे ती गरम-गार दोन्ही पट्ट्यांतून फिरेल. भात ढीग करून न ठेवता मधे खळगा ठेवून कडेनं पसरवा, झाका, निम्म्या वेळात ढवळा आणि काढल्यावर दोन मिनिटं तसाच राहू द्या. चौकोनी डब्याचे कोपरे दोन बाजूंनी तापतात, गोल भांडं बरं. गोठलेल्या पदार्थाचं तर आणखी वेगळं. बर्फ लहरी फारशा शोषत नाही, पाणी भरपूर शोषतं. त्यामुळं जो कोपरा आधी वितळतो तोच तापत सुटतो. डीफ्रॉस्टचं बटण मधे मधे लहरी बंद करतं ते यासाठीच.

हा नुसता चवीचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटना अन्न सगळीकडून ७० अंशांपर्यंत तापवायला सांगते, कारण गार राहिलेल्या भागात जंतू जिवंत राहतात. आणि बाळाच्या दुधाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये अजिबात तापवू नका, असंही तीच सांगते. बाटली हाताला कोमट लागते, पण आतला एखादा घोट बाळाचं तोंड भाजू शकतो. आजी बाटली गरम पाण्याच्या भांड्यात धरते, तेच बरोबर आहे.

आता मॅग्नेट्रॉनच्या जागी ट्रान्झिस्टर वापरून लहरींची वारंवारिता बदलत राहायची, म्हणजे गरम जागा स्वतःच सरकतील, यावर काम चालू आहे. घरगुती यंत्रांत ते अजून महाग पडतं.

स्पेन्सरला या पेटंटबद्दल कंपनीकडून नेहमीचे दोन डॉलर मिळाले, असं सांगतात. पुढं तो रेथिऑनचा वरिष्ठ उपाध्यक्ष झाला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठानं त्याला मानद डॉक्टरेट दिली. १९६७ साली रेथिऑनच्याच अमाना कंपनीनं ओट्यावर मावणारा मायक्रोवेव्ह ४९५ डॉलरला आणला, तो त्यानं पाहिला. सप्टेंबर १९७० मध्ये, वयाच्या ७६व्या वर्षी तो गेला.