दुखणाईत लूथर आणि त्याचें घर

मार्टिन लूथराचें नांव ज्यानें ऐकिलें नाहीं असा मनुष्य आपल्या मंडळ्यांत विरळा. त्यानें पोपाचें आज्ञापत्र जाळिलें, १५२१ सालीं वर्म्स येथील सभेंत बादशहापुढें तो डगमगला नाहीं, पवित्र शास्त्राचें त्यानें जर्मन भाषेंत भाषांतर केलें, ह्या गोष्टी उपदेशकांच्या तोंडून आपण पुष्कळदां ऐकतों. परंतु हा धीट पुरुष शरीरानें वारंवार दुखणाईत असे, हें फारसें कोणी सांगत नाहीं. आज त्याच्या चरित्राची तीच बाजू सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लूथराचा जन्म १४८३ सालीं आइसलेबेन गांवीं झाला. तारुण्यांत तो मठांत शिरला आणि उपास व जागरणें करून त्यानें आपलें शरीर झिजविलें. पुढें विटेनबर्गच्या मठांतील बहुतेक संन्याशी निघून गेले, तरी तो त्याच ओसाड इमारतींत राहिला. लग्नापूर्वीं सबंध एक वर्ष त्याचें अंथरूण कोणीं झाडलें नव्हतें. घामानें त्यांतील पेंढा कुजला होता, आणि दिवसभर राबून थकलेला लूथर रात्रीं त्यावर तसाच पडे. हें तो स्वतःच मागाहून सांगत असे. एकट्यानें गांवोगांव फिरणाऱ्या उपदेशकाची खोली ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ह्याचें नवल वाटणार नाहीं.

१५२५ च्या जून महिन्यांत, आपल्या ४१ व्या वर्षीं, त्यानें काथरीना फोन बोरा हिच्याशीं लग्न केलें. तीही पूर्वीं मठांतील जोगीण होती आणि १५२३ सालीं ईस्टरच्या सुमारास इतर जोगिणींसह तेथून निसटून आली होती. ही बाई मोठी कामसू. तिनें त्या मठाचें घर केलें. बाग लाविली, गाई व डुकरें पाळिलीं, आणि त्या देशाच्या रीतीप्रमाणें जवाची बीरही ती घरींच करी. झाडपाल्याच्या औषधांची तिला चांगली माहिती होती.

ह्या घराचा खरा उपयोग १५२७ सालीं दिसून आला. जुलैच्या ६ व्या तारखेस लूथरास भोंवळ आली, कान घणघणूं लागले आणि तो बेशुद्ध पडला. आपला अंत आला असें त्यास वाटलें. बुगेनहागेन व योनास हे त्याचे मित्र धांवत आले. काथरीना गरोदर होती आणि थोरला मुलगा हान्स नुकताच एक वर्षाचा झाला होता. आपल्यामागें बायकोस देण्यास चांदीच्या कांहीं पेल्यांवांचून लूथरापाशीं कांहीं नव्हतें, आणि तें त्यानें तिला उघड सांगितलें. तिनें धीर सोडला नाहीं. उलट तिनेंच त्याचें समाधान केलें.

दुसऱ्या दिवशीं त्यास उतार पडला. मन मात्र कित्येक महिने ताळ्यावर आलें नाहीं. अंधारांत सांपडल्यासारखी त्याची स्थिति होती. अशा वेळीं मंडळींतील कोणी कोणी रोग्याच्या विश्वासास दोष देतात. आम्हांस तें बरें वाटत नाहीं. ज्या लूथरानें सगळ्या ख्रिस्ती जगास विश्वास शिकविला त्यासही ह्या खोल पाण्यांतून जावें लागलें. उदास माणसानें एकटें राहूं नये, चार माणसांत बसावें, जेवावें, बोलावें, गावें, असें तो पुढें इतरांस सांगे. तें तो अनुभवानेंच शिकला होता.

त्यांतच आगस्टांत शहरांत प्लेग आला. विद्यापीठ येना येथें हलविण्यांत आलें, पण लूथर हलला नाहीं. त्याच्या घरांतच आजारी माणसें येऊन पडलीं. हान्सही आजारी होऊन कित्येक दिवस जेवला नाहीं. काथरीना पोटुशी असतां हें सर्व संभाळीत होती. डिसेंबरांत तिला एलिझाबेथ नांवाची मुलगी झाली. हें लेंकरूं पुढच्याच वर्षीं आगस्टांत वारलें.

ह्याहून कठीण प्रसंग १५३७ सालचा. श्मालकाल्डेन येथील सभेस लूथर गेला असतां मूतखड्यानें त्याची लघवी बंद झाली. वैद्यांनीं पुष्कळ उपाय केले, त्यांनीं हालच अधिक झाले. काथरीनेचें शेणाचें घरगुती औषधही कामास आलें नाहीं, हें त्यानें तिला पत्रांत मोकळेपणें कळविलें. मरावयाचेंच तर आपल्या मुलुखांत मरावें म्हणून तो २६ फेब्रुवारीस गाडींतून निघाला. थंडीचे दिवस आणि डोंगरांतील खडबडीत वाट. प्रत्येक धक्क्यास जीव कासावीस होई. परंतु जें वैद्यांस साधलें नाहीं तें त्या धक्क्यांनीं साधलें! ताम्बाख गांवीं त्या रात्रीं लघवी मोकळी झाली. दुसऱ्या दिवशीं त्यानें बायकोस पत्र लिहिलें आणि ह्या सुटकेबद्दल देवाचे आभार मानले. गोथा येथें दुखणें पुन्हां उलटलें, तेव्हां त्यानें बुगेनहागेनास आपलें शेवटचें म्हणणें सांगून ठेविलें. अखेर १४ मार्चास तो विटेनबर्गास पोंचला. दहा वर्षांच्या हान्सपासून दोन वर्षांच्या मार्गारेटेपर्यंत पांच मुलें घरांत होतीं. त्यांच्या गलबल्यांत आणि काथरीनेच्या हातच्या अन्नावर त्याची शक्ति हळूहळू परत आली.

१५४० च्या आरंभीं पाळी उलटली. गर्भपात होऊन काथरीना मरणाच्या दारीं गेली, आणि आतां उशापाशीं बसण्याची पाळी लूथराची होती. ती बरी झाली, पण पुन्हां चालावयास तिला लहान मुलासारखें शिकावें लागलें. मात्र १५४२ च्या सप्टेंबरांत १३ वर्षांची माग्डालेना आजारी पडली, तेव्हां आईबापांची सेवा व प्रार्थना असूनही ती वांचली नाहीं. बापाच्या हातांतच तिनें प्राण सोडला, आणि लूथर लहान मुलासारखा रडला.

१५४६ च्या जानेवारींत एक तंटा मिटविण्यासाठीं लूथर भर हिंवाळ्यांत आइसलेबेनास गेला. काथरीना घरीं काळजी करीत राहिली. तिची समजूत घालण्यास तो थट्टेचीं पत्रें लिही. १८ फेब्रुवारीच्या पहांटे, जन्म झाला त्याच गांवीं, तो वारला. मार्टिन व पौल हे दोन मुलगे जवळ होते. विटेनबर्गास काथरीनेला ही बातमी दुसऱ्या दिवशीं कळली.