तारण काय? : जनरल डोरिओंची गोष्ट

थर्ड इयरला असताना आम्ही तिघांनी मेसच्या टेबलावर एक वेबसाईट काढायचं ठरवलं. कोड झाला, गाडी अडली ती पैशावर. बँकेत गेलो तर साहेबांचा पहिलाच प्रश्न, तारण काय? आमच्याकडे तिघांत मिळून चार केट्या होत्या! त्या रात्री होस्टेलवर 'व्हेंचर कॅपिटल' म्हणजे काय ते शोधताना मला जॉर्ज डोरिओ भेटले.

जन्म १८९९, पॅरिस. वडील प्यूजो मोटार कंपनीत इंजिनीअर. १९२१ मध्ये डोरिओ अमेरिकेला गेले आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये मास्तर झाले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांचे बूट, कपडे, शिधा यांवरच्या संशोधनाचं काम पाहता पाहता ब्रिगेडियर जनरल झाले.

तोवर नव्या धंद्याला पैसा मिळायचा तो श्रीमंत घराण्यांकडून. १९४६ मध्ये 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट' निघाली आणि बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा नवख्यांच्या हाती जाऊ लागला. कर्ज नाही, भागीदारी. बुडाली तर दोघांची.

१९५७ मध्ये केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन हे दोन इंजिनीअर आले. कॉम्प्युटरमध्ये भल्याभल्यांचे हात पोळले होते, म्हणून अर्जात तो शब्द टाळा असा सल्ला त्यांना मिळाला होता. डोरिओंच्या कंपनीने ७०,००० डॉलर्स दिले आणि मोठा हिस्सा घेतला. लोकरीच्या जुन्या गिरणीत 'डिजिटल इक्विपमेंट' सुरू झाली. १९६६ मध्ये शेअर बाजारात आले तेव्हा तो हिस्सा साडेतीन कोटी डॉलर्सच्या वर गेला होता!

१९७२ मध्ये डोरिओंची कंपनी टेक्स्ट्रॉनमध्ये विलीन झाली. त्याच वर्षी त्यांचा विद्यार्थी टॉम पर्किन्स याने भागीदारांसोबत एक फर्म काढली. तिनेच पुढे नेटस्केप, अॅमेझॉन आणि गूगलमध्ये सुरुवातीला पैसे घातले. डोरिओ मात्र १९८७ मध्येच गेले होते.

मित्रांनो, डोरिओ आयडियापेक्षा माणूस पाहायचे. आयडिया जरा डावी चालेल, माणूस अव्वल हवा. हे वाचलं आणि मी चपापलो. आमच्यातल्या एकाला आतून नोकरीच हवी होती, दुसरा आणि मी हिश्शावरून आठवडाभर बोलत नव्हतो. साहेब तारण मागत होते, ते खरं तर हेच होतं.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तिघे बसलो. ज्याला नोकरी हवी होती त्याला हसून मोकळं केलं. उरलेल्या दोघांचे हिस्से वहीत लिहून सह्या केल्या. खाली ठराव क्रमांक एक लिहिला : आधी केट्या काढणे.