डॉ. हेन्री जॉन कार्टर

मोठ्या पुरुषांची कीर्ती बहुधा मोठ्या वस्तूंवर उभी असते. कोणी राज्ये जिंकतो, कोणी दुर्गम प्रदेश शोधून काढतो. परंतु वाळूच्या कणाएवढ्या शिंपल्यांच्या अभ्यासाने ज्यांनी शास्त्रीय जगात नाव मिळविले, आणि ज्यांच्या उद्योगाचा आरंभ आपल्या शेजारच्या मुंबई बेटावर झाला, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डॉ. हेन्री जॉन कार्टर यांचा जन्म सन १८१३ मध्ये इंग्लंडातील डेव्हन परगण्यात, बडली सॉल्टरटन या समुद्रकाठच्या गावी झाला. लंडन येथे वैद्यकाचे अध्ययन पुरे करून सन १८४२ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई येथील वैद्यकीय नोकरीत शिरले. नोकरी सांभाळून उरलेला वेळ ते सूक्ष्मदर्शक यंत्रापाशी घालवीत. मुंबईच्या तळ्यांत वाढणारे गोड्या पाण्यातील स्पंज त्यांनी प्रथम अभ्यासिले. मुंबईच्या किनाऱ्यालगतचे समुद्राचे पाणी केव्हा केव्हा तांबडे का दिसते, याचे कारण सूक्ष्म जीव होत, हेही त्यांनी सन १८५८ मध्ये दाखविले.

सन १८४४ ते १८४६ या काळात पालिनुरस नावाच्या जहाजावर वैद्य म्हणून त्यांनी अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याचा प्रवास केला. तेथील लोबानाच्या झाडाचे त्यांनी वर्णन केले, व पुढे त्या झाडाच्या शास्त्रीय नावात त्यांचेच नाव गोविले गेले. याच किनाऱ्यावरील ओपरक्युलिना नामक शिंपल्याची रचना त्यांनी सन १८५२ मध्ये प्रसिद्ध केली. हा फोरामिनिफेरा, म्हणजे छिद्रधारी, वर्गातील प्राणी होय. याचे शरीर एका पेशीचे. परंतु तो आपल्याभोवती अनेक दालनांचे चुन्याचे घर बांधितो. सिंध व अरबस्तान येथील खडकांत नाण्यांसारखे जे गोल अश्म सापडतात, ते याच कुळातील प्राचीन प्राण्यांचे अवशेष होत. मिसर देशातील पिरॅमिडांच्या दगडांतही असे अश्म आहेत.

ओपरक्युलिना तळाशी राहतो. परंतु त्याचे ग्लोबिजेरिनासारखे भाऊबंद समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगत असतात. ते मेल्यावर त्यांची कवचे खाली पडतात व तळावर पांढुरका गाळ साचतो. या गाळाची जाडी हजार वर्षांत अवघी काही सेंटिमीटर वाढते. त्याच गाळात कॉकोलिथ नामक याहूनही सूक्ष्म चकत्या असतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडूचे शुभ्र कडे मुख्यत्वे यांचेच बनलेले आहेत. या चकत्या कशाच्या, याविषयी विद्वानांत वाद होता. सन १८७१ मध्ये कार्टर यांनी त्या शैवालाच्या होत असे प्रतिपादिले. त्यांनी सांगितलेली जात पुढे टिकली नाही. परंतु त्या चकत्या वनस्पतीच्या होत, हे त्यांचे अनुमान खरे ठरले.

सन १८५९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. सन १८६२ मध्ये ते स्वदेशी परतले. पण तेथेही त्यांचा उद्योग सुटला नाही. सन १८७२ मध्ये त्यांस सोसायटीचे रॉयल पदक मिळाले. सन १८८४ मध्ये ब्रेडी या शास्त्रज्ञाने एका छिद्रधारी प्राण्यास कार्टेरिना हे नाव दिले. सन १८९५ मध्ये जन्मगावीच त्यांचे देहावसान झाले.

या शिंपल्यांचा आपणांस काय उपयोग, असे कोणी विचारील. नैर्ऋत्य मोसमी वारे जोराने वाहू लागले म्हणजे अरबस्तानच्या त्याच किनाऱ्याशी खोल समुद्रातील थंड पाणी वर येते, आणि ग्लोबिजेरिनाची एक जात तेथे विपुल वाढते. म्हणून तेथील गाळाच्या थरांत त्या जातीची कवचे मोजून, हजारो वर्षांपूर्वी मोसमी वारे केव्हा जोरात होते व केव्हा मंदावले, हे आज शास्त्रज्ञ ताडू शकतात. ज्या वाऱ्यांवर आपल्या भिवंडी तालुक्यातील भातशेती अवलंबून आहे, त्यांची जुनी रोजनिशी समुद्राच्या तळाशी अशी लिहिलेली आहे. ती वाचावयाची तर प्रत्येक कवच नीट ओळखता आले पाहिजे, आणि ती ओळख करून देणाऱ्या आद्य अभ्यासकांत कार्टर यांची गणना होते.

आमच्या पूर्णा गावाच्या आसपास आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत; तथापि खाडी दूर नाही, व भरतीचे पाणी तीत नित्य येते. अशा खाड्यांच्या चिखलातही छिद्रधारी प्राण्यांची कवचे सापडतात. विद्यार्थ्यांनी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील चिमूटभर धुऊन पाहावा. कार्टर यांनी परदेशी येऊन आपल्या तळ्यांत व समुद्रात जे पाहिले, ते पाहण्यास आपणांस दूर जावयास नको. हवी ती केवळ चिकाटी.