मराठीत स्वल्पविराम आणणारे मेजर कँडी, आणि भलत्याच रकान्यात गेलेलं संभाजीनगर

चिकलठाणा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याची पगारयादी डोळ्यांसमोर आणा. एका ओळीत नाव, पत्ता आणि बँक खात्याचा नंबर, मध्ये स्वल्पविराम. प्रोग्रॅमला सांगितलं, स्वल्पविराम दिसेल तिथे ओळ तोड, तर तीन तुकडे मिळायला हवेत. पण पत्ता 'चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर' असा असेल तर मिळतात चार. खाते नंबरच्या रकान्यात शहराचं नाव जाऊन बसतं आणि कुणाचा तरी पगार अडकतो.

हा स्वल्पविराम मराठीत रुजवण्याचं श्रेय प्रामुख्याने दिलं जातं ते मेजर थॉमस कँडी यांना.

कँडी १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल होऊन भारतात आले. इथे ते मराठी शिकले, ते इतकं की मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामात ते आणि त्यांचे जुळे भाऊ जॉर्ज दोघेही होते. पुढे तब्येत ढासळल्यामुळे मोल्सवर्थ मायदेशी परतले. इंग्रजी-मराठी कोश अर्धवट राहिला होता, तो कँडींनी पूर्ण केला आणि १८४७ मध्ये छापून आणला.

तेव्हाचं मराठी लिखाण आज बघितलं तर आपण गोंधळून जाऊ. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्यानेच ठरवायचं. सरावलेल्या कारकुनाला ते जमायचं. शाळेतल्या पोराचं काय?

कँडी सरकारी शालेय पुस्तकांची मराठी तपासत. १८५० मध्ये त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' ही छोटी पुस्तिका काढली. इंग्रजी चिन्हं छापील मराठीत स्थिरावली, त्यात या पुस्तिकेचा मोठा वाटा. त्यांची मराठी इंग्रजी वळणाची आहे, अशी टीकाही झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. पण चिन्हं मात्र टीकाकारांनीही वापरलीच! १८७७ मध्ये महाबळेश्वरला कँडींचं निधन झालं.

कँडींचा स्वल्पविराम वाचणारा माणूस होता. वाक्य थांबलंय की नुसता पत्ता सुरू आहे, हे त्याला अर्थावरून कळतं. प्रोग्रॅमला अर्थ कळत नाही, त्याला फक्त चिन्ह दिसतं. (जर्मनीत तर दशांश चिन्ह म्हणूनच स्वल्पविराम लिहितात, म्हणून तिथलं एक्सेल अशा फाइलमध्ये अर्धविराम टाकतं.)

यावरचा उपायही विरामचिन्हच आहे. ज्या मजकुराच्या आत स्वल्पविराम आहे, तो दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा. सीएसव्ही फाइलची ही पद्धत २००५ मध्ये आरएफसी ४१८० या दस्तऐवजात लिहून ठेवली गेली. पायथनमधली साधी 'स्प्लिट' कमांड ही अवतरणं ओळखत नाही, 'सीएसव्ही' मॉड्यूल ओळखतं. ते वापरलं की चिकलठाणा आणि छत्रपती संभाजीनगर एकाच रकान्यात राहतात.