बाबासाहेबांच्या वर्गातला इतिहास

गेल्या एप्रिल महिन्यातील गोष्ट आहे. उत्तर नागपुरातील एका विहारात जयंतीनिमित्त विद्यार्थ्यांची वक्तृत्व स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून आम्हाला बोलावले होते. एकामागून एक चौदा मुले बोलली. तारखा बिनचूक, आवाज खणखणीत, टाळ्याही भरपूर. पण भाषण मात्र चौदाही मुलांचे जवळपास एकच. कोणीतरी लिहून दिलेले, मुलांनी पाठ केलेले.

स्पर्धा आटोपल्यावर दहावीतील एक मुलगी उभी राहिली. बाबासाहेबांच्या एका निबंधात तिने वाचले होते की जातिव्यवस्था मनूने निर्माण केली नाही, ती त्याच्या आधीपासूनच होती. मग बाबासाहेबांनी मनुस्मृती का जाळली, असे तिने सरळ विचारले. मंडपात शांतता पसरली. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी तिला खाली बसवले आणि असले प्रश्न विरोधक विचारतात, आपल्या मुलींनी विचारायचे नसतात, असे सुनावले. मुलगी मान खाली घालून बसली. आणि आम्ही? वीस वर्षे कोर्टात साक्षीदारांची उलटतपासणी घेणारे आम्ही गप्प राहिलो, बक्षिसे वाटली आणि घरी आलो.

त्या रात्री झोप लागली नाही. बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा काढून बसलो. त्यांच्या पदव्या आम्ही दरवर्षी मोजतो. पण त्यांच्या आयुष्यात प्रश्नाला आणि वादाला कोणती जागा होती, हे आम्ही मुलांना कधी सांगितलेच नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या या मुलाचा शाळेशी पहिला परिचय कसा झाला, ते आपण सारे जाणतो. साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसायचे, बसायला गोणपाट घरून न्यायचे, तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतेपर्यंत थांबायचे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुलांनी ते भराभर बाजूला केले. संस्कृत शिकायची इच्छा होती, ती नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. ज्या वर्गात या मुलाचा स्पर्श चालत नव्हता, तिथे त्याचा प्रश्न कोण ऐकून घेणार? प्रस्थापितांची शाळा अशी होती. गुरुजींनी सांगायचे, मुलांनी ऐकायचे आणि आमच्या मुलाने तर दाराशी बसून ऐकायचे.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि त्यांना पहिल्यांदा वेगळा वर्ग पाहायला मिळाला. तिथे सेलिग्मन होते, जॉन ड्यूई होते. तेथील परिसंवादाची रीत अशी की विद्यार्थ्याने एखाद्या विषयावर टिपण लिहून आणायचे, सर्वांसमोर वाचायचे आणि मग त्यावर उघड चर्चा व्हायची. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या अशाच परिसंवादात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. वय वर्षे २५. ज्याला फळ्याजवळ जाताना वर्गात गोंधळ उडत होता, तो आता भरवर्गात जातीचा उगम उलगडून दाखवत होता.

या निबंधाची मांडणी आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावी अशी आहे. बाबासाहेब आपले मत सांगून मोकळे होत नाहीत. आधी ते सेनार, नेस्फिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर या चौघांच्या व्याख्या समोर ठेवतात. प्रत्येकात काय बरोबर आहे आणि काय उणे आहे ते दाखवतात. त्यानंतर जातीतल्या जातीत लग्न करण्याचे बंधन हाच जातीचा प्राण आहे, असा आपला निष्कर्ष मांडतात. याच निबंधात ते म्हणतात की कुणी एक मनू एवढी मोठी व्यवस्था जन्माला घालू शकत नाही. त्याने चालत आलेल्या रूढीला नियमाचे रूप दिले. विहारातील त्या मुलीने वाचले ते हेच. म्हणजे तिने चुकीचे काही वाचले नव्हते. चूक आमची होती.

परत आल्यावर १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता, पण त्यांची व्याख्याने ऐकायला दुसऱ्या कॉलेजातील विद्यार्थी येऊन बसत. पुढे मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात त्यांनी कायदा शिकवला आणि १९३५ ते १९३८ या काळात तेथील प्राचार्यपद सांभाळले. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासमंडळे हाही तिचा हेतू होता. जमलेल्या माणसांनी वाचावे, बोलावे आणि विचार करावा, ही त्यांची अपेक्षा होती.

मग आले महाड. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रहासाठी हजारो लोक जमले, तोच चवदार तळ्याबद्दल कोर्टाचा मनाई हुकूम आला. नेता म्हणून बाबासाहेब एका शब्दात आज्ञा देऊ शकत होते. त्यांनी तसे केले नाही. सत्याग्रह करावा की तहकूब ठेवावा, यावर प्रतिनिधींना दोन्ही बाजूंनी बोलू दिले. लोकांचा कल तळ्यावर जाण्याकडे होता. बाबासाहेबांनी त्यांना कारणे देऊन समजावले, तेव्हा कुठे तहकुबी मान्य झाली आणि तळ्याभोवती शिस्तीत मिरवणूक निघाली. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तेही ठराव मांडून, परिषदेची संमती घेऊन. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

तळ्याचा वाद पुढे दहा वर्षे कोर्टात चालला. स्पृश्यांचे म्हणणे होते की अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची वहिवाट अनादिकाळापासून आहे. इतिहासाच्या नावाने केलेला हा दावा होता. वकील म्हणून आम्हाला हा खटला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे परंपरेलाच पिंजऱ्यात उभे राहावे लागले. पुरावा काय? किती वर्षांचा? कोणी पाहिले? १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. नुसते फार जुने आहे म्हणून काही खरे होत नाही, ते तपासावे लागते. इतिहासाचा याहून मोठा धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

पुस्तकांतही त्यांनी हीच शिस्त पाळली. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणातील काही भाग गाळायला सांगितले. बाबासाहेबांनी नकार दिला आणि ते भाषण स्वतः छापले. गांधीजींनी हरिजन साप्ताहिकातून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय करावे? गांधीजींची टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्याखाली आपले उत्तर दिले. वाचकांनी दोघांचे वाचावे आणि ठरवावे. १९४० साली पाकिस्तानवरील ग्रंथ लिहिला, तेव्हा पहिल्या भागात मुसलमानांची बाजू आणि दुसऱ्या भागात हिंदूंची बाजू, दोन्ही जितक्या भक्कम मांडता येतील तितक्या मांडल्या. १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाचा शोध घेताना आपला सिद्धांत हा शेवटचा शब्द नाही, टीकाकारांनी तो तपासावा, हे प्रस्तावनेतच मान्य केले.

संविधान सभेत तर हा वर्ग साऱ्या देशाचा झाला. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी मसुद्याला विरोध करणाऱ्या सभासदांचे नावे घेऊन आभार मानले. त्यांत कामत होते, के. टी. शहा होते, कुंझरू होते आणि आमच्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुखही होते. या मंडळींनी आक्षेप घेतले म्हणूनच संविधानामागची तत्त्वे सांगण्याची संधी मिळाली, असा त्यांचा भाव होता. त्याच भाषणात त्यांनी देशाला आठवण करून दिली की प्रस्ताव, चर्चा आणि मतदान यांचे नियम भगवान बुद्धाच्या भिक्षुसंघाला ठाऊक होते.

आणि शाळा-कॉलेजे? १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. १९५० साली स्वतः कायदामंत्री असलेले बाबासाहेब त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. त्याच वर्षी तेव्हाच्या औरंगाबादेत त्यांनी दुसरे कॉलेज काढले आणि त्याचे नाव पुढे मिलिंद ठेवले, परिसराला नाव दिले नागसेनवन. ही नावे वाटेल तशी दिलेली नाहीत. मिलिंद हा ग्रीक राजा. वादात कुणालाही हार न जाणारा. भिक्खू नागसेनाशी त्याचा वाद झाला आणि राजाने प्रांजळपणे हार मान्य करून धम्म स्वीकारला. मिलिंदप्रश्न ग्रंथात एक मार्मिक प्रसंग आहे. वादाआधी नागसेन राजाला विचारतो की तू पंडितांसारखा वाद करणार की राजांसारखा? पंडित वादात हरले तरी रागावत नाहीत. राजे मात्र कोणी विरुद्ध बोलले की त्याला शिक्षा करतात.

हे वाचले आणि आम्हाला विहारातली ती मुलगी आठवली. त्या दिवशी आम्ही पंडितांसारखे वागलो की राजांसारखे?

बाबासाहेबांच्या आयुष्याचा शेवटचा अध्याय आमच्या नागपुरात घडला. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची सुरुवात त्यांनी लोकांच्या मनातील प्रश्नानेच केली. दीक्षेसाठी नागपूरच का निवडले? कोणाला डिवचण्यासाठी निवडले काय? त्यांनी हा प्रश्न टाळला नाही. नाग लोकांनी बौद्ध धम्माचा प्रसार केला, हा इतिहास सांगून उत्तर दिले. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि १९५७ साली त्यांचा बुद्ध आणि धम्मावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवातही प्रश्नांनीच होते. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही पिढ्यान्‌पिढ्यांची कथा ते तपासतात आणि विचारतात की २९ वर्षांच्या माणसाने तोपर्यंत यांतले काहीच पाहिले नसेल, हे पटण्यासारखे आहे काय? ज्यांना शरण गेले, त्यांच्या चरित्रालाही ज्यांनी प्रश्न विचारले, त्या बाबासाहेबांविषयी प्रश्न विचारला म्हणून आम्ही एका मुलीला खाली बसवतो!

म्हणून पुढच्याच रविवारी आम्ही त्या विहारात परत गेलो. सर्वांसमोर त्या मुलीची माफी मागितली आणि तिचाच प्रश्न वर्गापुढे ठेवला. मुलांचे दोन गट केले. एका गटाने १९१६ चा निबंध वाचायचा, दुसऱ्याने महाडचा वृत्तांत. प्रत्येक विधानाला तीन प्रश्न लावायचे: हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले? आठ दिवसांनी वाद झाला, मग गटांनी बाजू बदलल्या आणि पुन्हा वाद झाला. मोठ्यांनी सर्वांत शेवटी बोलायचे, हा नियम होता. तो पाळणे आम्हालाच सर्वांत जड गेले.

त्या मुलीने जे मांडले, ते आम्हाला सुचले नव्हते. जात कोठून आली हा १९१६ चा प्रश्न होता आणि ती आजही कोणाच्या हुकमाने टिकून आहे हा १९२७ चा, असे ती म्हणाली. रूढी मनूने निर्माण केली नसेल, पण तिला कायद्याचे बळ त्याच्या नावाने मिळाले, म्हणून ते बळ जाळले. एका मुलाला हे पटले नाही. त्याने आणखी पुस्तके मागितली. ज्या कार्यकर्त्यांनी तिला खाली बसवले होते, त्यांनीच ती आणून दिली.

पाठ केलेले भाषण टाळ्यांपुरते पुरते. उद्या कॉलेजात, नोकरीच्या मुलाखतीत किंवा कोर्टात कोणी खोटा इतिहास तोंडावर फेकला, तर त्या वेळी पाठांतर कामास येत नाही. सरकारे बदलतात, पाठ्यपुस्तकातील धडे गाळले जातात. पण पुरावा मागायला शिकलेल्या मुलाच्या हातून इतिहास कोणी हिसकावून घेऊ शकत नाही.

येत्या जयंतीला वक्तृत्व स्पर्धा जरूर घ्या. पण भाषण झाल्यावर प्रत्येक मुलाला दोन प्रश्न विचारा आणि त्यालाही दोन प्रश्न विचारू द्या. उत्तर येत नसेल तर शोधून सांगतो म्हणा. त्यात कमीपणा नाही. मिलिंद राजालाही तो वाटला नव्हता.

जयभीम!