ताराबाई मोडक : शाळा अंगणात नेणाऱ्या बाई

परवा मंडळाच्या बैठकीत एका सभासदाने विचारले की, पावणेसहा वर्षांच्या मुलाला पहिलीत घेतील का? झाले, आरतीच्या वेळा ठरवायच्या राहिल्या आणि अर्धा तास त्यावरच चर्चा रंगली. हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर हाताळला त्या ताराबाई मोडकांची ही थोडक्यात ओळख.

ताराबाई पूर्वाश्रमीच्या केळकर. जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजी घरात. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी झालेला विवाह टिकला नाही. पुढे राजकोटला नोकरी करून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या व माँटेसरी पद्धतीत रमल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला.

मूल वाचायला तयार आहे की नाही हे या पद्धतीत प्रश्न विचारून ठरवत नाहीत, त्याच्याकडे बघून ठरवतात. बोटांत जोर आला का, आकारांतला फरक कळतो का, ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगता येते का. आम्ही रेल्वेवाले नव्या भरावावर रूळ टाकले तरी माती बसेपर्यंत गाडी हळूच सोडतो, तसेच हे. माझ्या मुलीला चौथ्या वर्षी एका शाळेत रंगांची नावे इंग्रजीतून विचारली. मराठीत तिला सगळी येत होती. ती गप्प राहिली, आणि तयारी नाही असा शेरा मिळाला. पाच मिनिटांत!

१९३६ साली दादरला शिशुविहार निघाले. पण ती शहरातली मुले. म्हणून १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या (पश्चिम रेल्वेचे घोलवड स्टेशन). अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणार कशी? त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने गोळा केली. मोजणी, प्रतवारी, बोटांची कसरत, सगळे त्यातून साधले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येईनात, तेव्हा बाई शाळा घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. आधी आंघोळ, वेणीफणी, मग गाणी, गोष्टी, खेळ. अक्षरे त्यानंतर. हीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळाही चालली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. कोसबाडचे काम पुढे अनुताईंनी सांभाळले.