देवळे उभारणारा संत : हुनिपेरो सेरा

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी, ज्यांनी परमुलखात देवळे उभारिली, अशा एका धर्मगुरूंचे चरित्र भाविकांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ज्या फ्रान्सिस्कन संघाचे, त्याच संघाचे हे संत होत.

स्पेनच्या मायोर्का बेटावरील पेत्रा गावी, २४ नोव्हेंबर १७१३ रोजी, एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बाप्तिस्म्याचे नाव मिगेल होसे. १७३० साली संघात प्रवेश केल्यावर संत फ्रान्सिसच्या एका भोळ्या सोबत्यावरून त्यांनी हुनिपेरो हे नाव धारण केले. पाल्मा येथील विद्यापीठात विद्वान अध्यापक म्हणून त्यांचा मोठा लौकिक होता. तो सोडून १७४९ साली ते मेक्सिकोस निघाले. वेराक्रुझ बंदरापासून मेक्सिको शहरापर्यंत ते पायी चालत गेले. त्या वाटेत पायास जडलेले दुखणे त्यांस जन्मभर पुरले.

पुढे सिएरा गोर्दाच्या डोंगराळ प्रदेशात त्यांनी आठ वर्षे सेवा केली व पामे लोकांची भाषा आत्मसात केली. हालपान येथील देऊळ त्यांच्याच देखरेखीखाली उभे राहिले. मिशनरी व मूळ रहिवासी ह्यांच्या संयुक्त कलाकृती म्हणून तेथील पाच देवळांस २००३ साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

१७६९ साली त्यांनी सान दिएगो येथे अप्पर कॅलिफोर्नियातील पहिले मिशन स्थापिले. त्यांच्या हयातीत तेथे नऊ मिशने झाली. १८२३ पर्यंत ती संख्या २१ वर गेली. शिपायांच्या अत्याचारांविरुद्ध दाद मागण्यास ते मेक्सिको शहरी व्हाइसरॉयकडे गेले. १७७५ साली सान दिएगो मिशनावर हल्ला होऊन फादर लुईस हायमे मारले गेले, तेव्हा मारेकऱ्यांस क्षमा व्हावी म्हणून ह्यांनीच रदबदली केली.

तथापि सत्य झाकणे धर्मगुरूस शोभत नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या मूळ रहिवाशांस मिशन सोडून जाण्याची मोकळीक नव्हती. पळून गेलेल्यांस धरून आणून फटके मारीत, आणि ही शिक्षा सेरा ह्यांसही मान्य होती. परकी रोगांनी हजारो माणसे दगावली.

२८ ऑगस्ट १७८४ रोजी कार्मेल येथे सेरा प्रभुचरणी विलीन झाले. तेथील देवळातच त्यांची कबर आहे. १८३४ च्या सुमारास मेक्सिकन सरकारने मिशने धर्मगुरूंकडून काढून घेतली. कार्मेलच्या देवळाचे छप्परही कोसळले. १८८४ साली नवे छप्पर चढले आणि १९३१ पासून हॅरी डाउनी नामक कारागिराने आपले उर्वरित आयुष्य त्याच्या जीर्णोद्धारास वाहिले. आज तेथे प्रवासी येतात, आणि मिस्साही होते.

२३ सप्टेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी वॉशिंग्टन येथे सेरा ह्यांस संतपद दिले. त्या वेळी कित्येक मूळ रहिवाशांनी दुःखाने विरोध केला. २०२० साली कॅलिफोर्नियात त्यांचे पुतळेही पाडले गेले.

बंधुभगिनींनो, देऊळ जतन करणे म्हणजे केवळ भिंतींस चुना लावणे नव्हे. ज्यांच्या हातांनी विटा रचल्या व ज्यांची हाडे त्याच आवारात विसावली, त्यांची आठवणही जतन केली पाहिजे. संतांचा त्याग अंगी बाणवावा, आणि त्यांच्या काळी जो अन्याय घडला तो आपल्या हातून न घडावा, एवढीच ह्या ज्युबिलीनिमित्त प्रभूपाशी आमची प्रार्थना.